जावातील स्मृतिविमोचन : ‘केव्हा’ या प्रश्नाची तपासणी

वस्तूकडे नेणारा शेवटचा संदर्भ तुटला की तिने व्यापलेली मेमरी मोकळी होते, असे जावा भाषेच्या अध्यापनात सर्रास सांगितले जाते. हे विधान अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच अधिक घातक आहे. संदर्भ तुटल्याने वस्तू कचरा ठरते. कचरा उचलला जातोच असे नाही. तो केव्हा उचलावा याविषयी भाषेच्या अधिकृत विनिर्देशनात कोणतेही बंधन नाही.

या विधानात दोन भिन्न पद्धतींची गल्लत झालेली दिसते. संदर्भांची मोजदाद ठेवण्याची पद्धत जॉर्ज कॉलिन्स यांनी, तर वस्तूपर्यंत पोहोचता येते की नाही हे पाहण्याची जॉन मॅकार्थी यांनी, १९६० सालीच मांडली. जावाचे हॉटस्पॉट हे प्रचलित आभासी यंत्र दुसऱ्या परंपरेतील होय. स्थिर क्षेत्रे, चालू थ्रेडमधील स्थानिक चल इत्यादी मुळांपासून जिथवर संदर्भांची साखळी पोहोचते, तिथवरच्या वस्तू जिवंत. त्यामुळे केवळ परस्परांना धरून राहिलेल्या दोन वस्तू कचराच ठरतात. निव्वळ मोजदादीने त्या कधीच सुटल्या नसत्या. उलटपक्षी, एखाद्या स्थिर सूचीत विसरलेली वस्तू निरुपयोगी असूनही जिवंत राहते. इतकेच नव्हे, तर स्थानिक चल अद्याप व्याप्तीत असतानाही त्याचा पुढे वापर नसल्यास त्याची वस्तू कचरा ठरवण्याची मुभा विनिर्देशन देते. चलात ‘नल’ घालण्याच्या नित्याच्या उपदेशाचे मोल यावरून जोखावे.

प्रत्यक्ष संकलन बहुधा नव्या वस्तूंना जागा अपुरी पडू लागली की होते. त्या जागेला ‘ईडन’ हे नाव देणाऱ्याची विनोदबुद्धी मान्य करावी लागेल. ‘सिस्टिम.जीसी’ ही केवळ सूचना होय. २०१८ च्या अकराव्या आवृत्तीत तर ‘एप्सिलॉन’ नावाचा, काहीच न उचलणारा संकलक प्रयोगादाखल आला, आणि तोही भाषेच्या नियमांत बसतो! शिवाय संकलनाने मोकळी झालेली जागा परिचालन प्रणालीला परत मिळेलच असे नाही. ‘जी-वन’ संकलकाला निवांत वेळी ती परत करण्याची सोय २०१९ मध्ये, बाराव्या आवृत्तीत झाली.

या गैरसमजाची खरी किंमत मेमरीबाहेर मोजावी लागते. फायली बंद करण्याचे काम ‘फायनलाइझ’वर सोपवणारी आज्ञावली मेमरी मुबलक असतानाच उघड्या फायलींची मर्यादा गाठून कोसळू शकते, कारण मेमरीची टंचाई नसेल तर संकलकाला जाग येण्याचे कारणच उरत नाही. २०११ च्या सातव्या आवृत्तीपासून साधने निश्चित क्षणी मिटवणारी ‘ट्राय’ची रचना उपलब्ध आहे, ‘फायनलाइझ’ काढून टाकण्याचे मात्र २०२२ मध्ये, अठराव्या आवृत्तीत घोषित झाले.