घरच्या शिलाईचा डोरेमॉन

ऑक्टोबर उजाडला की इथल्या दुकानांत हॅलोविनचे तयार पोशाख झळकू लागतात. पाकीट फोडायचं, पोराला आत घालायचं, झालं काम! तरीही आपल्या मंडळातल्या काही घरांत याच सुमारास शिवणयंत्राला तेल पडतं आणि जेवणाच्या टेबलावर कापड पसरलं जातं. या घरांतल्या आज्या, काकू आणि एखाद-दुसऱ्या हौशी काकांचं कौतुक स्मरणिकेत व्हायलाच हवं.

त्यांनी शिवलेला डोरेमॉनच घ्या. फुजिको एफ. फुजिओ यांचं हे निळं यांत्रिक मांजर १९६९च्या अखेरीस जपानी मासिकांत अवतरलं. त्याची उंची १२९.३ सेंटीमीटर आणि छातीचा घेरही तेवढाच! असलं माप कुठल्याही शिंप्याला घाम फोडील. शिवाय डोकं धडाएवढं मोठं. म्हणून आधी डोकं बेततात. वर्तमानपत्रावर कलिंगडाच्या फाकीसारखी कळी आखायची, तशा कळ्या जुन्या गादीच्या फोममधून कापायच्या आणि कडेला कड चिकटवून गोल साधायचा. वर निळं फ्लीस चढवताना कापडाची लव एकाच दिशेला ठेवावी लागते. नाहीतर उजेडात निळ्याच्या दोन छटा दिसतात. कार्टूनचे डोळे कपाळाजवळ, मुलाचे डोळे त्याच्या बरेच खाली. त्यामुळे मूल बघतं ते डोरेमॉनच्या उघड्या तोंडातून, आणि तिथे काळी जाळी लावलेली असते.

पोटाचा घेर टिकावा म्हणून खालच्या काठात प्लास्टिकच्या नळीचं कडं घालतात. आत जाडजूड जाकीट मावेल इतका सैलपणा आधीच धरलेला असतो, कारण ऑक्टोबरअखेरची संध्याकाळ इथे चांगलीच गारठलेली असते. पोटावरचा पांढरा अर्धगोल खिसा मात्र नुसता शोभेचा नाही. दारोदार मिळालेला खाऊ त्यातच जातो!

फोम मिळाला नाही तर आज्या कागदाचा लगदा भिजत घालतात, आणि कीड लागू नये म्हणून त्यात मेथीची पूड मिसळतात. लगद्याच्या टोपल्या आपल्याकडे अशाच होत. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात नाचणारे मुखवटेही कागदाच्या लगद्याचे असतात. पात्र जपानचं असलं तरी हात या घडणीत मुरलेले आहेत.

हे पोशाख एका हंगामात संपत नाहीत. शिवणीत माया भरपूर सोडलेली असल्यामुळे ते उसवून मोठे करता येतात. थोरल्याचा धाकट्याकडे आणि धाकट्याचा शेजारच्या घरी जातो, आणि गणेशोत्सवातल्या वेषभूषा स्पर्धेत शिवाजी महाराज आणि झाशीच्या राणीच्या रांगेत उभा राहतो.

हल्ली काही शाळकरी मुलंमुली या टेबलांभोवती रेंगाळताना दिसतात. त्यांच्या हाती कात्री द्यायला हवी. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मंडळाने बेतण्या-शिवण्याचा वर्ग सुरू करावा. शिकवणाऱ्या आहेत, यंत्रं आहेत; मुलांनी येताना फक्त जुनी वर्तमानपत्रं आणावीत.