अर्थसीचे पुनरवलोकन

अद्भुतरम्य कादंबरी समाजापासून तुटलेली असते, हा आक्षेप मराठी टीकेने इतक्या वेळा उच्चारला आहे की त्याची परीक्षा करावी असे कोणास वाटेनासे झाले. ‘मंजुघोषे’च्या (१८६८) प्रस्तावनेत नारो सदाशिव रिसबूड यांनी कबुली दिली होती, की आपल्या विवाहरीतीमुळे व इतर कारणांनी नित्याच्या जीवनात रंजक असे काही आढळत नाही, म्हणून लेखकास अद्भुताकडे वळावे लागते. ही कबुली दुबळेपणाची म्हणून वाचली गेली. वस्तुतः ती त्या विवाहरीतीवरील टीकाही आहे.

पुढे शंभर वर्षांनी, १९६८ मध्ये, अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन यांची ‘अर्थसी’ या द्वीपसृष्टीवरील पहिली कादंबरी आली. वस्तूचे खरे नाव जाणणे हीच तेथील विद्या. रोक बेटावरील विद्यालयात ती शिकविली जाते, पण केवळ पुरुषांना. स्त्रियांच्या वाट्यास खेड्यातील गंडेदोरे येतात. जादूच्या विद्यालयाची कल्पना पुढे अनेकांनी उचलली. हा भेद मात्र कित्येक वर्षे फारसा कोणास खटकला नाही. तो प्रथम लेखिकेलाच नीट दिसला.

‘तेहानू’ (१९९०) या चौथ्या कादंबरीत नायक गेड याची विद्या गेलेली आहे. केंद्रस्थानी आहे ती तेनार, एका शेतकऱ्याची विधवा, व तिने सांभाळलेली, आगीत होरपळलेली एक मुलगी. १९९२ मधील ऑक्सफर्डच्या व्याख्यानात ले ग्विन यांनी सांगितले की वीरकथेची पुरुषी परंपरा आपण पूर्वी विनातक्रार पत्करली होती. तरीही जुन्या ग्रंथांतील एक अक्षर त्यांनी खोडले नाही. बेटे तीच, ती आता चुलीपाशी बसून पाहिलेली आहेत. या प्रांजळपणाचे मोल मला फार वाटते. ‘तेहानू’तील खलनायक मात्र फारच एकरंगी उतरला आहे, आणि प्रचाराचा आरोप करणाऱ्या वाचकांच्या हाती त्यामुळे आयते कोलीत मिळते.

अनुवादकापुढे येथे एक कूट उभे राहते. मराठीत ‘मांत्रिक’ शब्दास प्रतिष्ठा आहे, ‘चेटकीण’ ही शिवी आहे. रोकचा कायदा आपल्या भाषेत आधीपासूनच लागू आहे. ‘तेहानू’तील म्हाताऱ्या मॉसला ‘जाणती’ म्हणावे, असा मोह होतो. पण मूळ लेखिकेने शब्द बदललेला नाही, दृष्टी बदलली आहे. तेव्हा पहिल्या कादंबरीत तसेच चौथ्या कादंबरीतही ‘चेटकीण’ हाच शब्द ठेवावा, असे माझे मत आहे.