लांब आसन, एकटा स्वार

एटीव्ही, म्हणजे कच्च्या जमिनीवर चालणारी चारचाकी क्वाड, पाहताना नजर आधी तिच्या फुगीर टायरांवर जाते. मी आसनापासून सुरुवात करीन. दोन माणसं ऐसपैस बसतील इतकं ते लांब असतं, आणि जवळच मडगार्डवर दुसऱ्या कुणाला बसवू नका अशी चित्रासकट ताकीद चिकटवलेली असते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, कारखान्यानं दिलेली जागा वकिलांनी काढून घेतली. पण ती सगळी जागा एकाच माणसाची आहे. चढावर त्यानं पुढे टाकीपर्यंत सरकायचं, उतारावर पार मागे जायचं, आडव्या उतारावर एक मांडी आसनाबाहेर काढायची. स्वार एका जागी बसणार नाही, हे धरूनच हे वाहन रेखलेलं आहे. हे लक्षात आलं की त्याचे बाकीचे भागही वेगळे दिसू लागतात.

वाचायला नमुना म्हणून होंडाची ४२० सीसीची टीआरएक्स घेतो; अमेरिकेत तिला रँचर म्हणतात. आपल्याकडे अलिबाग-नागावच्या वाळूत भाड्यानं मिळणारी चारचाकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल, पण सपाट वाळूवर घिरट्या घालताना या जातीच्या वाहनाचं काहीच समजत नाही. तिचा खरा प्रांत म्हणजे न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरची डोंगराळ मेंढपाळी. गिझबर्नच्या मागचे, तायहापेभोवतीचे उभे हिरवे उतार, पावसात पाय न ठरू देणारी माती, मेंढ्यांच्या येण्याजाण्यानं उतारावर पडलेल्या अरुंद पायऱ्या. तिथलं घोड्याचं बरंचसं काम आता क्वाड करते. मागच्या रॅकवर हंटअवे जातीचा कुत्रा उभा, पुढच्या रॅकवर कुंपणाच्या तारेचं भेंडोळं, आणि मालक मेंढ्यांच्या मागे.

आता मागचा आस पाहा. रँचरच्या साध्या आवृत्तीत मागची दोन्ही चाकं एकाच भरीव आसावर बसवलेली असतात, मध्ये डिफरन्शियल नाही. दोन्ही चाकं सदैव एकाच वेगानं फिरणार. वळताना मात्र बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणजे एकाला घसरावंच लागतं. ते घसरवायचं काम स्वाराचं. होंडाची शिकवण अशी की वजन बाहेरच्या पायटेकणीवर द्यायचं आणि अंग मात्र वळणाच्या आत झुकवायचं. बाहेरच्या पायावर भार गेला की आतलं चाक हलकं होऊन सरकतं. अंग आत झुकलं की वाहन बाहेर कलंडत नाही. एकाच वेळी दोन उलट सूचना, आणि दोन्ही एकाच शरीराला! मोटारीत हे काम दातेरी चाकांचं एक पेटारं निमूटपणे करतं. इथे ते पेटारं काढून टाकलंय आणि त्याजागी माणूस बसवलाय. गवतावर, चिखलात हा व्यवहार सुरेख चालतो. डांबरावर टायर घट्ट धरतात, आतलं चाक सरकायला तयार होत नाही, आणि हेच शहाणं वाहन अडेलतट्टू होतं. रस्त्यावर चालवू नका ही ताकीद निव्वळ कायद्यापोटी आलेली नाही.

आपल्या जुन्या गाडीवानाला यातलं काही नवीन वाटलं नसतं. गाडी उलाळ, म्हणजे मागे जड, झाली की पुढे सरकायचं, धुरजड, म्हणजे पुढे जड, झाली की मागे, हे तो बैलांशी बोलता बोलता करायचा.

उजव्या हाताचा अंगठाही वाचण्यासारखा आहे. मोटरसायकलला मूठ पिळून वेग देतात. इथे मुठीजवळ एक छोटा खटका असतो, तो अंगठ्यानं दाबायचा. गचका बसून अंग मागे फेकलं गेलं तर माणूस मुठी आणखी घट्ट धरतो. पिळायची मूठ असती तर त्या धडपडीत इंजिन उलट जास्तच भडकलं असतं. अंगठा मात्र सुटतो, आणि सुटला की वेग उतरतो. दिवसभराच्या कामानंतर अंगठ्याचं मूळ ठणकतं, ही तक्रार खरी. पण जो स्वार पुढे-मागे-आडवा होणार आहे, त्याच्या हाती पिळायची मूठ देणं म्हणजे त्यानं हलू नये असं सांगण्यासारखंच.

टायर शेवटी घेतले, कारण तिथं लोक नको इतके थबकतात. त्यांतली हवा चार-पाच पीएसआयच्या आसपास असते. मोटारीच्या टायरात तीस-बत्तीस. इतक्या कमी दाबावर रबर दगडाभोवती पसरतं, चिखलावर रुंद टेकतं आणि स्प्रिंगचंही थोडं काम करतं. पण चार पीएसआयमधला एकाचा फरक म्हणजे पाव भाग, आणि डाव्या-उजव्या टायरांत तेवढा फरक पडला की वाहन सरळ रस्ताही तिरका धरतं. मोटारीच्या गेजवर हा फरक दिसतही नाही. कमी दाबाचं वेगळं गेज लागतं. नव्या क्वाडवर लाखो खर्चून हे चिमुकलं गेज न घेणारे लोक जगभर आहेत.

या घराण्याचा इतिहास थोडक्यात उरकतो. हिवाळ्यात मोटरसायकली खपत नाहीत, विक्रेत्यांना काहीतरी द्या, या अमेरिकेतल्या मागणीतून होंडाच्या ओसामु ताकेउची यांनी फुग्यासारख्या टायरांची तीनचाकी केली. ती १९७० मध्ये बाजारात आली. तीन चाकांनी फार माणसं पाडली, आणि १९८८ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाबरोबरच्या समझोत्यानुसार कंपन्यांनी नव्या तीनचाकी विकणं थांबवलं. तोवर सुझुकीची चारचाकी आणि होंडाची चारही चाकांना जोर देणारी फोरट्रॅक्स येऊन रुळली होती. खेळण्याचं अवजार झालं ते तिथे.

निवडीचा प्रश्न येतो तेव्हा माहितीपत्रकं सीसी आणि अश्वशक्ती पुढे करतात. पोलारिसची स्पोर्ट्समन ५७० रँचरच्या शेजारी उभी करा. तिच्या मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, गिअर बदलायला नको, पट्ट्यावर चालणारं स्वयंचलित ट्रान्समिशन, रॅकही जास्त भाराचे. खडकाळ वाटेवर ती कितीतरी मऊ चालते. कंबर दुखणाऱ्यानं तीच घ्यावी. रँचरला पायानं गिअर टाकता येतात, आणि उभ्या उतारावर पहिल्या गिअरात सोडली की इंजिनच तिला अडवून धरतं. पट्ट्याच्या जुन्या क्वाड अंगठा सोडताच उतारावर मोकाट सुटायच्या. यामाहानं आपल्या अल्ट्रामॅटिक ट्रान्समिशनमध्ये पट्टा सतत ताणलेला ठेवून हा दोष काढला, इतरांनीही आपापले उपाय केले. म्हणून वापरलेली क्वाड घेताना ती चढते कशी हे कमी आणि अंगठा सोडल्यावर उतरते कशी हे जास्त पाहावं.

वजनाकडे मात्र फार कमी लोक बघतात. रँचर अडीचशे किलोच्या थोडी पुढे. सत्तर किलोचा माणूस तिच्यावर बसला की एकूण भाराचा पाचवा हिस्सा त्याचा. तो सरकला तर गुरुत्वमध्य खरंच सरकतो. साडेतीनशे किलोच्या दांडग्या यंत्रावर तोच माणूस सहाव्या हिश्श्यावर येतो. शिवाय ते पडलं तर त्याच्या अंगावर जास्त पडतं. मोठं इंजिन चढ काढून देतं, पण स्वाराचं वजन मोजणीत घटवतं. तणनाशकाची टाकी मागच्या रॅकवर चढवली की हिशेब आणखी बिघडतो, कारण अर्धी भरलेली टाकी उताराच्या दिशेनं आपणहून झुकते. माणूस वर झुकतोय आणि पाणी खाली!

रसिक म्हणून मी या यंत्राच्या प्रेमात आहे, पण समीक्षक म्हणून इथे थांबावं लागतं. इतकी सुंदर रचना स्वाराकडून फार मागते. सकाळी ताज्या अंगानं तो पुढे-मागे सरकेल. संध्याकाळी थंडीत, पावसाळी कपड्यांत, शेवटचा कळप फाटकाकडे वळवताना तो नुसता बसून राहतो. आणि वरच्या बाजूचं चाक गवतातल्या उंचवट्यावर चढायला व खालचं टोमोत, म्हणजे जमिनीखाली पोखरलेल्या खड्ड्यात, जायला तीच वेळ सापडते.

ऑस्ट्रेलियानं या शंकेला कायद्याचं रूप दिलं. ऑक्टोबर २०२० पासून तिथल्या प्रत्येक नव्या क्वाडवर एक पट्टी लटकते. तिरपा होत जाणाऱ्या पाटावर हे वाहन किती अंशांना दोन चाकांवर येतं, तो कोन तिच्यावर छापलेला असतो. ऑक्टोबर २०२१ पासून शेतकामाच्या नव्या क्वाडला २८.८१ अंशांच्या आत बाजूला कलंडायची मुभा उरली नाही, आणि आसनामागे स्वाराला चिरडण्यापासून वाचवणारी कमान सक्तीची झाली. होंडा आणि यामाहानं तिथं या क्वाड विकणंच थांबवलं. कमान स्वाराच्या हालचालीला आड येईल, स्वतःच इजा करील, हा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद. तो मला पोकळ वाटत नाही. लांब आसनावर ज्यांची सगळी मदार, ते असंच बोलणार. पण पाटावरच्या त्या परीक्षेत हलता माणूस नसतो, आणि दमलेला माणूस पाटावरच्या वजनापेक्षा फारसा वेगळा नसतो. म्हणून मी कमानीच्या बाजूनं आहे. न्यूझीलंडमध्ये तिची सक्ती नाही, नुसती शिफारस आहे. तिथेच तयार होणारी लाइफगार्ड नावाची कमान कडीकडीची, वाकणारी असते, आणि स्वाराला मागे सरकायला पुरेशी जागा सोडते.

ज्याला बसूनच राहायचंय, मुलं किंवा मजूर सोबत न्यायचेत, त्यानं सीटबेल्ट आणि छत असलेली, शेजारी-शेजारी बसायची साइड-बाय-साइड घ्यावी. ते शहाणपणाचं वाहन आहे. अंगाकडून काही मागत नाही.

क्वाडच घ्यायची असेल तर विक्रेत्याला इंजिन चालू करू देऊ नका. बंद गाडीच्या पायटेकण्यांवर उभे राहा, हँडल डावीकडे पूर्ण वळवा, आणि उजव्या हाताचा अंगठा खटक्यावर पोचतो का पाहा. मग उजवीकडे वळवून डावा हात ब्रेकवर. कोपर ताठ करावं लागलं, किंवा अंग नको तिकडे ओढलं गेलं, तर ती तुमच्या मापाची नाही. सीसी कितीही असोत, शेजारची लहान दाखवायला सांगा.