मौनाचा आस्वाद : अभिजात इंग्रजी कादंबरी आणि तिची पुनर्लेखने

अभिजात इंग्रजी कादंबऱ्यांवर बेतलेल्या दूरचित्रवाणी मालिका व चित्रपट, आणि त्याच कादंबऱ्यांच्या कथाविश्वातून निर्माण झालेल्या नव्या ऐतिहासिक कादंबऱ्या, यांच्या आस्वादाकडे समीक्षा दोन भिन्न दृष्टींनी पाहत आली आहे. पहिली दृष्टी संशयाची आहे. अँड्र्यू हिग्सन यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात १९८०च्या दशकातील ब्रिटिश चित्रपटांविषयी तिची नेमकी मांडणी केली. मूळ कथेतील उपरोध कितीही तीक्ष्ण असला, तरी हवेल्या, उद्याने आणि पोशाख यांचे देखणे दर्शन त्या उपरोधावर मात करते. भूतकाळ केवळ पाहण्याची वस्तू बनतो. दुसरी दृष्टी समर्थनाची आहे. मूळ संहितेने ज्यांना मूक ठेवले त्यांना पुनर्लेखन वाणी देते, म्हणून त्याचा आस्वाद हा एक प्रकारचा न्याय ठरतो, असे ती मानते. पहिल्या दृष्टीला हा आनंद केवळ स्मरणरंजन वाटतो, तर दुसरीला तो सदाचरण वाटतो. या आनंदाचे स्वरूप मात्र दोन्हींकडून अस्पर्शितच राहते.

हे स्वरूप समजण्यासाठी एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. मराठीत 'ऐतिहासिक कादंबरी' म्हटले की 'स्वामी'सारखी (१९६२) इतिहासप्रसिद्ध व्यक्तीभोवती उभी राहिलेली रचना डोळ्यांसमोर येते. तिच्या मागे बखरी, पत्रे व कागदपत्रे यांचा आधार असतो. प्रस्तुत प्रकारातील कलाकृतीच्या मागे मात्र आधार असतो तो दुसऱ्या कादंबरीचा. तिचा वाचक एकाच वेळी दोन संहिता वाचत असतो : एक हातातली, दुसरी स्मरणातली. आनंद या दोहोंमधील अंतरातून उपजतो. म्हणून अशा कृतीच्या मूल्यमापनाचा प्रश्न असा विचारला पाहिजे : स्मरणातल्या संहितेचे ती काय करते?

'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) या कादंबरीवरील बीबीसीच्या १९९५ मधील सहा भागांच्या मालिकेचे उदाहरण बोलके आहे. अँड्र्यू डेव्हिस यांच्या पटकथेत डार्सी पेम्बर्लीच्या तळ्यात उडी घेतो आणि ओल्या सदऱ्यानिशी अवचित एलिझाबेथसमोर येतो. मूळ कादंबरीत ही अवचित भेट आहे, दोघांचा संकोचही आहे; तळे आणि ओला सदरा नाही. मूळात या भेटीआधी एक महत्त्वाची घटना घडते. पेम्बर्लीची वृद्ध कारभारीण मिसेस रेनल्ड्स पाहुण्यांना घर दाखवताना आपल्या मालकाच्या स्वभावाची मनापासून स्तुती करते आणि ती ऐकून एलिझाबेथचे मत बदलू लागते. मत बनवणे आणि ते तपासून बदलणे हेच ज्या कादंबरीचे आशयसूत्र आहे, तिच्यात एका सेविकेचा शब्द पुरावा म्हणून स्वीकारला जातो, ही लक्षणीय गोष्ट होय. कारभारीण मालिकेतही आहे, परंतु प्रेक्षकांच्या स्मृतीत राहिले ते तळे. निवाड्याच्या प्रसंगाचे दर्शनाच्या प्रसंगात रूपांतर झाले. हिग्सन यांचे निदान येथे बऱ्याच अंशी लागू पडते.

सेविकेचा शब्द ग्राह्य धरणारी ही कादंबरी तिला स्वतःचे आयुष्य मात्र देत नाही. बेनेट कुटुंबाच्या घरातील हिल ही कारभारीण निरोप सांगण्यापुरती येते आणि लिडियाच्या लग्नाप्रीत्यर्थ नोकरांना मद्य मिळेल हे आश्वासन ऐकण्यापुरती थांबते. जो बेकर यांची 'लाँगबोर्न' (२०१३) ही कादंबरी नेमक्या या जागी उभी राहते. मूळात एलिझाबेथ आजारी बहिणीला भेटण्यासाठी चिखलातून तीन मैल चालत जाते; तिच्या परकराला सहा इंच चिखल लागल्याचे मिसेस हर्स्ट कुत्सितपणे नमूद करते. वाचक अर्थातच एलिझाबेथच्या बाजूने उभा राहतो, कारण तो चिखल तिच्या मनस्वीपणाचे चिन्ह असतो. बेकर यांच्या कादंबरीत तो चिखल सारा या मोलकरणीच्या थंडीने सुजलेल्या हातांपर्यंत पोचतो. चालणारीच्या स्वातंत्र्याची किंमत धुणारीला मोजावी लागते. तसेच नेदरफील्डच्या नृत्यसमारंभापूर्वी पावसाची झड लागते आणि बुटांवर लावायची फुले दुसऱ्या कुणाकरवी आणवली जातात. मूळात हा उल्लेख एका उपवाक्यात उरकतो. बेकर यांच्या कल्पनाशक्तीला चालना मिळते ती अशा उपवाक्यांतूनच.

येथे ऑस्टिनवर कोणताही आरोप लादलेला नाही. चिखल, फुले, जेवणे, निरोप हे सर्व मूळ संहितेतच आहे. वाचकाने ते वाचूनही पाहिलेले नव्हते. 'लाँगबोर्न' वाचून मूळ कादंबरीकडे परतणाऱ्याला परकराचे ते वाक्य पूर्वीसारखे वाचता येत नाही. एलिझाबेथविषयीचा जिव्हाळा उणावत नाही, परंतु तो निरागसही उरत नाही. पुनर्लेखनाचा खरा परिणाम स्मरणातल्या संहितेवर होतो, तो असा.

याउलट पॅट्रिशिया रोझेमा यांचा 'मॅन्सफील्ड पार्क' (१९९९) हा चित्रपट पाहावा. मूळ कादंबरीत (१८१४) फॅनी एडमंडला सांगते की, आपण सर थॉमसना गुलामांच्या व्यापाराविषयी प्रश्न विचारला होता आणि तेव्हा खोलीत गाढ शांतता पसरली होती. ब्रिटिश संसदेने या व्यापारावर १८०७ मध्ये बंदी घातली, परंतु वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये झाला. सर थॉमसची अँटिग्वातील मालमत्ता या दोन तारखांच्या दरम्यान उभी आहे. एडवर्ड सैद यांनी 'कल्चर अँड इम्पीरियलिझम'मध्ये (१९९३) या संदर्भाकडे लक्ष वेधल्यानंतर ती शांतता दुर्लक्षिणे अशक्य झाले. रोझेमा यांचा चित्रपट ती शांतता भरून काढतो : फॅनीला टॉमच्या चित्रवहीत गुलामांवरील अत्याचारांची रेखाटने सापडतात. शिवाय मूळची भिडस्त फॅनी येथे ऑस्टिनच्याच कुमारवयीन लेखनाची कर्ती होते, धीट व उपरोधिक बनते. हेतू स्तुत्य आहे. परंतु ज्या घरात प्रश्न विचारला गेला तरी उत्तर मिळत नाही, त्या घराची भीषणता उत्तर मिळताच ओसरते. प्रेक्षक रेखाटने पाहून हादरतो आणि आपण हादरलो याचे समाधान घेऊन उठतो. हवेलीच्या दर्शनाने मिळणारे सुख जसे आत्मतुष्ट असते, तसेच हवेलीच्या निषेधाने मिळणारे सुखही असू शकते. दोन्हींत भूतकाळ आजच्या प्रेक्षकापुढे निरुत्तर उभा असतो.

मौनाला वाणी देणे म्हणजे त्याचा अर्थ सोपा करणे नव्हे, याचा वस्तुपाठ जीन ऱ्हीस यांच्या 'वाइड सार्गासो सी' (१९६६) या कादंबरीत सापडतो. 'जेन एअर'मधील (१८४७) माळ्यावर कोंडलेली वेडी स्त्री येथे आंत्वानेत म्हणून बोलते. पण निवेदनाचा मोठा भाग तिच्या पतीच्या वाट्याला येतो आणि त्याचे नाव शेवटपर्यंत उच्चारले जात नाही. ऱ्हीस त्यालाही आतून पाहतात. म्हणून वाचकाला सुरक्षित बाजू सापडत नाही, आणि 'जेन एअर'कडे परतल्यावर माळ्यावरचे ते हास्य जेनइतकेच त्यालाही अस्वस्थ करते.

'लाँगबोर्न'ही सर्वस्वी निर्दोष नाही. सारा आणि जेम्स यांची प्रेमकथा अखेरीस मिलनाकडे वळते. धुणे, भांडी, मेणबत्त्या यांचे वर्णन कधी इतके रेखीव होते की श्रमही पोशाखाप्रमाणे पाहण्याची वस्तू बनू पाहतात. स्वयंपाकघरही दिवाणखान्याइतकेच रमणीय होऊ शकते, हा धोका या साहित्यप्रकारात अंगभूत आहे. तो टाळण्यासाठी आनंदाचाच त्याग करावा, असे मात्र नाही. ज्याला ऑस्टिनच्या वाक्याचा आनंद नाही, त्याला त्या वाक्याखालचा चिखलही दिसणार नाही. पुनर्लेखनाला आवश्यक असलेले स्मरण आस्वादातूनच घडते. परकर कुणी धुतला हा प्रश्न पडण्यासाठी आधी त्या तीन मैलांच्या चालण्यावर प्रेम जडलेले असावे लागते. समीक्षेने तपासायचे ते एवढेच, की नवी कृती त्या प्रेमाला कुरवाळून परत पाठवते, की त्याला काही विचारते.