हळूहळू जगभर

गूगलच्या नकाशात एखादी नवी सोय आली, की तिच्या वर्णनाखाली बहुधा एक वाक्य असतं : ‘ही सोय हळूहळू जगभर उपलब्ध होत आहे.’ वर्णन आपण वाचतो, चित्रं बघतो आणि हे वाक्य सोडून देतो. लग्नपत्रिकेतलं ‘कृपया आहेर आणू नये’ सोडून देतो, तसं. पुण्या-मुंबईच्या माणसानं ते खुशाल सोडावं. उमरग्याच्या माणसानं सोडू नये, कारण ते खास त्याच्यासाठीच लिहिलेलं असतं. कादंबऱ्यांची, नाटकांची, झालंच तर दिवाळी अंकांची समीक्षा करणारे पुष्कळ जण आहेत. या एका वाक्याकडे मात्र कुणी वळलेलं दिसत नाही. तेव्हा ते मीच उचलतो.

पहिली गोष्ट म्हणजे यात करणारा कुणी नाही. सोय आपली आपण ‘उपलब्ध होत आहे’. उजाडत आहे, पाऊस पडत आहे, तसं. ‘आम्ही अमुक गावाला अमुक तारखेला देऊ’ असं म्हटलं की माणूस अडकतो. ‘होत आहे’ म्हटलं की सुटला. ही शैली आपल्या कचेऱ्यांतून घडली असं मी समजत होतो. ‘आपल्या अर्जावर कार्यवाही सुरू आहे’ या वाक्यावर आमच्या पिढीनं उभी हयात काढली. तीच शैली कॅलिफोर्नियातही नांदते आहे हे पाहून ऊर भरून येतो.

‘हळूहळू’शी माझं भांडण नाही. नवी सोय आधी शंभरातल्या एकदोघांना द्यायची, मग पाच-दहांना, मग पन्नासांना, आणि तोवर काही बिघडलं नाही तर सगळ्यांना, अशी या धंद्याची रीतच आहे. ती शहाणपणाची आहे. एक अब्जाहून जास्त माणसं वापरतात अशा वस्तूत एका दिवसात चूक पसरवण्यापेक्षा ती मूठभरांच्या फोनवर पकडलेली बरी. आमच्या स्वयंपाकघरातही भात झाला का हे बघायला सगळा भात चिवडत नाहीत, एक शीत दाबून बघतात. तक्रार इतकीच, की हे शीत दर वेळी सॅन फ्रान्सिस्कोचंच का निघतं?

पुरावा देतो. रस्त्यावर उभं राहून आजूबाजूला पाहिल्यासारखं दाखवणारं ‘स्ट्रीट व्ह्यू’ मे २००७ मध्ये निघालं, ते पाच शहरांत : सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क, लास व्हेगास, मायामी आणि डेन्व्हर. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये शहरावरून तरंगत गेल्यासारखं दाखवणारी नवी सोय निघाली. तीही पाच शहरांतच : लंडन, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, टोकियो आणि सॅन फ्रान्सिस्को. मध्ये सोळा वर्षं गेली. लहान पोरं बाप झाली. पण पहिल्या पंगतीला पाटावर बसलेले दोन पाहुणे काही उठले नाहीत.

पंगत म्हटलं की सगळा उलगडा होतो. आपल्याकडच्या लग्नात आधी वरपक्ष जेवतो, मग गावचे मानकरी, मग घरचे, आणि सगळ्यांत शेवटी वाढपी आणि बँडवाले. जिलबी सगळ्यांसाठीच केलेली असते. ती ‘हळूहळू सर्वत्र उपलब्ध होत’ असते. शेवटच्या पंगतीला पाक उरतो. पण लग्नात निदान कुणी बँडवाल्यांना ‘जगभर वाढून झालं’ असं सांगत नाही.

स्ट्रीट व्ह्यू आपल्याकडे उशिरा आलं त्याचा दोष एकट्या गूगलच्या माथी मारणं मात्र खोटेपणाचं होईल. २०११ मध्ये त्यांच्या गाड्या बंगळूरमध्ये फिरू लागल्या होत्या, पोलिसांनी थांबवल्या. २०१६ मध्ये सरकारनं सुरक्षिततेचं कारण देऊन नाही म्हटलं. शेवटी नियम सैल झाले आणि जुलै २०२२ मध्ये दोन भारतीय कंपन्यांच्या मदतीनं ते दहा शहरांत सुरू झालं. महाराष्ट्रातली चार होती : मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर, जे आता अहिल्यानगर आहे. म्हणजे मराठवाड्याच्या उंबऱ्यापर्यंत गाडी आली, उंबऱ्यावर थांबली, आत डोकावली आणि बहुधा ऊन बघून परत फिरली.

आम्हाला याचं नवल वाटत नाही. टप्प्याटप्प्यानं मिळण्याची आम्हाला पिढीजात सवय आहे. साक्षात स्वातंत्र्य घ्या. पुण्या-मुंबईला ते १५ ऑगस्ट १९४७ ला मिळालं. आम्ही निजामाच्या राज्यात. आम्हाला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. तेरा महिन्यांचा फरक. त्यानंतरही आम्ही हैदराबाद राज्यात होतो, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. अर्थात ते लढून, तुरुंगात जाऊन, जीव देऊन मिळालं. फोनच्या सेटिंगमध्ये शिरून ‘अपडेट’ दाबून नव्हे. फरक आहे तो आहेच. पण ‘तुमच्याकडे अजून आलं नाही का?’ हा प्रश्न आमच्या आजोबांनीही ऐकला होता एवढंच सांगायचं आहे.

टेलिव्हिजनचीही तीच कथा. १ ऑगस्ट १९७५ ला अमेरिकेच्या उपग्रहावरून थेट खेड्यात कार्यक्रम दाखवण्याचा मोठा प्रयोग सुरू झाला. सहा राज्यं, सुमारे चोवीसशे गावं, एक वर्ष. त्या सहा राज्यांत कर्नाटक होतं, महाराष्ट्र नव्हतं. कर्नाटकातल्या जिल्ह्यांत गुलबर्गा होता. म्हणजे आमच्या शेजारच्या आळंद तालुक्याचा जिल्हा आकाशातून आलेला शेतीचा कार्यक्रम बघतो आहे आणि आम्ही अलीकडे ज्वारी राखतो आहोत. ज्वारी दोन्हीकडे सारखीच होती.

आता पुढचं ऐका. मार्च २०१८ मध्ये गूगलच्या नकाशाला आणखी सहा भारतीय भाषांत बोलून रस्ता सांगता येऊ लागला : बंगाली, गुजराती, कन्नड, तेलुगू, तमीळ आणि मल्याळम. हिंदी आधीच येत होती. त्या सहांत मराठी नव्हती! उमरगा हैदराबादच्या हमरस्त्यावरचं गाव, हद्द हाकेच्या अंतरावर. तेव्हा या रस्त्यानं जाणाऱ्या मोटारीला कन्नडमध्ये उजवीकडे वळता येत होतं, तेलुगूमध्ये डावीकडे वळता येत होतं. मराठीत जायचं झालं तर सरळ जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

वास्तविक आमच्याकडे या बोलक्या नकाशाची गरजच काय, असं कुणी म्हणेल. चौरस्त्यावर पानपट्टीपाशी उभा असलेला कुठलाही माणूस पत्ता मराठीत सांगायला सुरुवात करतो, मध्ये दख्खनी हिंदीत जातो, आणि समोरचा ट्रकवाला आळंदचा निघाला तर कन्नडमध्ये संपवतो. भाषा टप्प्याटप्प्यानं नाहीत, एकाच वाक्यात तिन्ही. शिवाय त्याच्याकडे एक सोय आहे जी कुठल्याच कंपनीला अजून जमलेली नाही : तो नसलेल्या वस्तूंवरून रस्ता सांगतो. ‘पूर्वी वडाचं झाड होतं ना, तिथनं आत.’ ‘आधी टॉकीज होती बघा, त्याच्या पाठीमागं.’ परक्या माणसाला वडाचं झाड कसं दिसणार, हा प्रश्न त्याला पडत नाही.

इथं गूगलच्या बाजूनं एक गोष्ट नोंदवायला हवी. आपल्या लोकांचा हा स्वभाव त्यांनी ओळखला. रस्त्यांच्या नावांनी इकडे कुणी चालत नाही, देवळांनी आणि पेट्रोलपंपांनी चालतं, हे ध्यानात घेऊन २००९ मध्ये त्यांनी भारतात खाणाखुणांवरून रस्ता सांगायला सुरुवात केली. दुचाकीसाठी वेगळा रस्ता दाखवायची सोय डिसेंबर २०१७ मध्ये जगात पहिल्यांदा भारतात निघाली आणि मग आग्नेय आशियात गेली. तेव्हा जकार्तातला एखादा गृहस्थ मोटरसायकलवर बसून ‘आमच्याकडे हळूहळू येत आहे’ म्हणत असेल, हा विचार मला फार सुखवतो. पंगत फिरवता येते. फिरवायची मात्र वाढप्याला इच्छा हवी.

ती इच्छा प्रत्येक वेळी शहाणीच असते असंही नाही. जुलै २०२४ मध्ये चारचाकीला अरुंद गल्ल्यांतून वाचवणारी सोय भारतातल्या आठ शहरांत जाहीर झाली. हैदराबाद, बंगळूर, चेन्नई, कोइमतूर, इंदूर, भोपाळ, भुवनेश्वर आणि गुवाहाटी. अरुंद गल्ल्यांच्या यादीत पुणं नाही! पेठांनी याविरुद्ध अजून सभा कशी घेतली नाही, कळत नाही.

माझा खरा आक्षेप ‘जगभर’ या शब्दावर आहे. जग हळूहळू द्या, पण ज्याला दिलं नाही तोही जगातच आहे हे लक्षात असू द्या आणि त्याचा नंबर कितवा हे सांगा. मान्सूनकडे बघा. मान्सूनइतका बेभरवशाचा प्राणी दुसरा नाही. मराठवाड्याला हे नव्यानं सांगायला नको. तोही हळूहळूच येतो. केरळात साधारण १ जूनला, मग कोकण, मग घाट ओलांडून आमच्याकडे. पण वेधशाळा दर वर्षी नकाशा काढते, त्यावर रेघा ओढते, प्रत्येक रेघेवर तारीख घालते. तारीख चुकते, आम्ही वेधशाळेला चार शब्द सुनावतो, पण तारीख असते म्हणून सुनावता येतं. ढगांना वेळापत्रक आहे आणि एका ‘अपडेट’ला नाही.

बरं, घाई करता येत नाही म्हणावं तर तेही नाही. २०२२ च्या जुलैत नकाशावर उस्मानाबादच्या जागी धाराशिव आणि औरंगाबादच्या जागी संभाजीनगर अशी नावं झळकली आणि एकच गदारोळ उडाला. केंद्राची मंजुरी आली २४ फेब्रुवारी २०२३ ला. जिल्ह्याच्या नावाची अधिसूचना त्या सप्टेंबरात. नावाबद्दल कुणाचं काय मत असेल ते असो. मला कौतुक वेगाचं आहे. स्ट्रीट व्ह्यूला पंधरा वर्षं, आणि नाव मात्र सरकारच्याही आधी. तिथं ‘हळूहळू’ कुठं गेलं होतं?

आता थोडं निराळं. आमच्या भागात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारीचं नाव सगळ्यांना माहीत आहे. औसा आणि उमरगा हे दोन तालुके त्यात उद्ध्वस्त झाले. हजारो माणसं गेली. नंतर बावन्न गावं मूळ जागेवरून उठवून दुसरीकडे वसवली. नावं तीच ठेवली. तेव्हा उमरगा तालुक्यात असलेलं आणि आता लोहाऱ्यात गेलेलं सास्तूर घ्या. एक जुनं गावठाण, तिथं दगडमातीचे ढिगारे आणि बाभळी. एक नवं गाव, तिथं सरळ रुंद रस्ते आणि रांगेतली घरं. तीसहून अधिक वर्षं झाली तरी माणसं ‘जुन्या गावाकडं’, ‘नव्या गावात’ असंच बोलतात. या भागातला रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर फोन उचलला की पहिला प्रश्न विचारतो : ‘जुनं का नवं?’ रात्री दोनला, बाळंतपणाची अडलेली बाई घरात असताना, या तीन शब्दांची किंमत काय असते ते त्या घरालाच विचारावं. शहरावरून तरंगत जायची सोय आम्हाला शेवटच्या पंगतीला मिळाली तरी चालेल. हे तीन शब्द विचारण्याची सोय पहिल्या पंगतीला हवी.

हा काही केवळ आमचा हट्ट नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून मोटार खाली कोसळली आणि तिघे जण गेले. गाडी नकाशाच्या भरवशावर चालली होती, असं तेव्हा सांगण्यात आलं. पुराचं पाणी पुलाचा तुकडा घेऊन गेलं होतं. गुन्हा बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवरही दाखल झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पुढं पूल नाही हे रस्त्यावर आडवं काहीतरी टाकून सांगणं हे पहिलं त्यांचं काम. पण शहराच्या डोक्यावरून उडवून दाखवणाऱ्याला पूल आहे का नाही हेही कळावं, अशी अपेक्षा करणं फार झालं का?

याला उत्तर आहे म्हणतात. चूक दिसली तर ‘दुरुस्ती सुचवा’ असं बटण असतं. आपण दाबायचं, लिहायचं, फोटो जोडायचा. सुचवणाऱ्याला गुण मिळतात, गुण साठले की बिल्ला मिळतो. पगार मात्र मिळत नाही. २००८ ते २०१७ या काळात तर नकाशाच लोकांकडून काढून घ्यायची वेगळी योजना होती आणि आपल्या देशातल्या हौशी मंडळींनी त्यात खेड्यापाड्यांचे रस्ते रात्र रात्र जागून आखले. वाढायला आम्ही, पत्रावळी लावायला आम्ही, आणि पंगत शेवटची.

आमचे शेजारी काका तलाठी म्हणून निवृत्त झाले. या बटणाची हकीकत मी त्यांना सगळी सांगितली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

‘अहो, आमच्या सात-बाराच्या फेरफारालासुद्धा पंधरा दिवसांची नोटीस असते,’ ते म्हणाले. ‘हरकत घ्यायची तर कुणाकडे घ्यायची, तेही लिहिलेलं असतं. यांची मुदत काय?’

‘हळूहळू, काका.’

‘आणि सज्जा कुठला?’

‘जगभर.’

काकांनी चष्मा पुन्हा काढला.