कवट्या, कावळे आणि काळ्या टोप्या

२०१४ च्या जानेवारीत ‘ट्रू डिटेक्टिव्ह’ ही मालिका सुरू झाली आणि तिच्या शीर्षकगीतामुळे ‘द हँडसम फॅमिली’ या बँडचं नाव घरोघर पोचलं. ‘फार फ्रॉम एनी रोड’ हे गाणं मुळात २००३ च्या ‘सिंगिंग बोन्स’ या अल्बममधलं. आल्बुकर्कमध्ये राहणाऱ्या ब्रेट आणि रेनी स्पार्क्स या नवरा-बायकोचं नशीब अकरा वर्षांनी उघडलं, हे चांगलंच झालं. पण त्याच दारातून मागोमाग जी वरात आत शिरली, तिचं काय करायचं?

‘डार्क कंट्री’, ‘सदर्न गॉथिक’, ‘गॉथिक अमेरिकाना’ अशा पाट्यांच्या प्लेलिस्ट आज डझनाने मिळतात. कुठलीही लावावी. विहिरीतून आल्यासारखा पुरुषी आवाज, पायाने धरलेला ठेका, मधूनच साखळदंडाचा खळखळाट; शब्दांत सैतान, व्हिस्की, कावळा आणि चौरस्ता. पाच गाणी झाली की सहावं न ऐकताच म्हणून दाखवता येतं. अंधार आहे, पण नाटकमंडळीच्या पेटाऱ्यातला.

या पेटाऱ्याचे मानकरीही ठरलेले आहेत. निक केव्हचा ‘मर्डर बॅलड्स’ (१९९६) हा एका ऑस्ट्रेलियन माणसाने मोठ्या तब्येतीत केलेला खेळ. दाद द्यावी आणि पुढे जावं. अमिगो द डेव्हिल या गायकाला खुन्यांच्या मनात शिरायची हौस आहे. बळी पडलेल्यांच्या घरी तो क्वचितच जातो. कोल्टर वॉलच्या गळ्यात विशीतच सत्तरीचा आवाज होता. त्याच्या ‘केट मकॅनन’मध्ये नायक प्रेयसीला गोळ्या घालतो, आणि ऐकणारे आवाजालाच वाहवा देत राहतात. केट कोण होती, हे विचारायला कोणी थांबत नाही.

खरा काळोख ऐकायचा तर १९६७ मध्ये जायला हवं. त्या वर्षी मिसिसिपीच्या बॉबी जेंट्रीचं ‘ओड टू बिली जो’ आलं आणि बिलबोर्डच्या यादीत चार आठवडे पहिलं राहिलं. त्यात रक्त नाही, सैतान नाही. शेतातून परतलेलं एक कुटुंब दुपारी जेवायला बसलेलं आहे. टॅलहॅची नदीच्या पुलावरून एका ओळखीच्या पोराने उडी मारली, अशी बातमी आई सांगते. बाप म्हणतो, त्याला अक्कल नव्हतीच, आणि पाव पुढे करायला सांगतो. भाऊ जरा हळहळतो आणि ॲपल पायचा आणखी एक तुकडा मागतो. लेक गप्प आहे. तिने घासही घेतला नाही, एवढं मात्र आईच्या नजरेतून सुटत नाही. मग बोलता बोलता कळतं की त्या पोराबरोबर पुलावर अगदी हिच्यासारखी दिसणारी एक मुलगी पाद्रीबाबांनी पाहिली होती. दोघं पाण्यात काहीतरी टाकत होती.

काय टाकत होती, हे गाणं सांगत नाही. सगळी अमेरिका तर्क लढवत बसली. जेंट्रीचं म्हणणं असं की गाणं त्या वस्तूचं नाहीच. माणसं नकळत किती निष्ठुर होतात, त्याचं आहे. साथीला तिची गिटार आणि मोजकी तंतुवाद्यं. आवाज एकदाही चढत नाही. पाव मागणाऱ्या बापाला आपण काय केलं ते कळलेलंच नाही, आणि गाण्याची सगळी भीती तिथे आहे.

स्पार्क्स दांपत्याने नेमकं हेच उचललं. रेनी शब्द लिहिते, ब्रेट चाल बांधतो आणि मुख्यतः गातो. ‘थ्रू द ट्रीज’ (१९९८) मधलं ‘वेटलेस अगेन’ रेडवुडच्या जंगलात कॉफीला थांबलेल्या जोडप्यापासून सुरू होतं. कपात दुधाची पावडर ढवळणं चाललेलं असतं, आणि तिथून गाणं माणसं पुलावरून उड्या का मारतात, तिथवर जातं. मध्ये कुठे धक्का बसत नाही. कॉनरॅड रिक्टरच्या ‘द ट्रीज’ या कादंबरीचं जी. ए. कुलकर्णींनी मराठीत ‘रान’ केलं. ते वाचलेल्याला ही झाडी परकी वाटणार नाही. ‘रान’मध्येही आई झिजून मरते, धाकटी पोर जंगलात हरवते, आणि भुताची गरजच पडत नाही.

आता कोणी म्हणेल, सैतान तर कंट्री संगीतात पहिल्यापासून आहे. आहेच. लूविन बंधूंच्या ‘सेटन इज रिअल’ (१९५९) च्या मुखपृष्ठावर त्यांच्यातल्या आयराने बनवलेला प्लायवूडचा बारा फुटी सैतान उभा आहे, आणि पांढऱ्या सुटातले दोघे भाऊ खऱ्याखुऱ्या जाळासमोर हात पसरून उभे आहेत. आज लोक ते चित्र पाहून हसतात. पण आत गाणारी माणसं हसत नव्हती. नरक हा त्यांच्यासाठी पत्ता माहीत असलेला मुक्काम होता. डेन्व्हरच्या ‘सिक्स्टीन हॉर्सपॉवर’ या बँडमध्येही हीच धग आहे. नाझरीन पंथाच्या धर्मोपदेशकाचा नातू असलेला डेव्हिड यूजीन एडवर्ड्स स्टुलावर बसून, बँजो नाहीतर कॉन्सर्टिना छातीशी धरून गायचा, तेव्हा समोर न्यायनिवाडा चालला आहे असं वाटे. ‘सॅकक्लॉथ अँड ॲशेस’ (१९९६) ऐकावा आणि मग नवी प्लेलिस्ट लावावी. एकीकडे पापाची भीती आहे, दुसरीकडे पापाचा टी-शर्ट.

मात्र श्रद्धेलाही सूट देता येत नाही. याच लूविन बंधूंनी १९५६ मध्ये ‘नॉक्सव्हिल गर्ल’ गायलं. सतराव्या शतकातल्या इंग्रजी छापील गाण्यांपर्यंत त्याचं मूळ जातं. प्रियकर मुलीला काठीने मारून नदीत टाकतो. घरी आई कपड्यांवरच्या रक्ताचं विचारते, तेव्हा घोळणा फुटला म्हणतो. दोन भावांचे आवाज इतके एकजीव की अंगावर काटा येतो. मुलीला नाव मात्र नाही.

काहींना नावं होती. नॉर्थ कॅरोलायनाच्या रँडॉल्फ काउंटीतली नेओमी वाइज खरी बाई होती. तिला डीप नदीत बुडवून मारलं. लॉरा फॉस्टर खरी होती. १८६६ मध्ये तिचा खून झाला आणि १८६८ मध्ये टॉम ड्यूला फासावर गेला. नव्वद वर्षांनी किंग्स्टन ट्रायोने ‘टॉम डूली’ गाऊन बाजार मारला, तेव्हा लोक हळहळले ते टॉमसाठी. गाण्याला नाव त्याचं, अश्रू त्याला, लॉरा टेकडीवरच्या मातीत. ‘डार्क’ म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं याच जुन्या अन्यायाची नवी आवृत्ती आहे.

हा हिशेब ज्यांनी चुकता करायला घेतला त्यांच्यात बायका पुढे आहेत, आणि शिफारस करायची तर त्यांचीच करायला हवी. जिलियन वेल्चच्या ‘केलेब मायर’ (१९९८) मध्ये नवरा परगावी असताना चालून आलेल्या माणसाचा गळा नेली केन फुटक्या बाटलीने चिरते, आणि गाणं तिच्या तोंडून येतं. वेल्च न्यूयॉर्कला जन्मली, लॉस एंजेलिसला वाढली, म्हणून तिच्या ‘अस्सलपणा’वर शंका घेणारे होतेच; प्लेलिस्टमधल्या बनावट दाढीवाल्यांना असला दाखला कोणी मागत नाही. एथेल केनच्या ‘प्रीचर्स डॉटर’ (२०२२) मध्ये तर मारली गेलेली मुलगी मेल्यावरही गात राहते. तो अल्बम निव्वळ कंट्री नाही, लांबलाही आहे, पण नॉक्सव्हिलच्या त्या मुलीला इतक्या वर्षांनी तोंड फुटल्यासारखं वाटतं.

रायनन गिडन्स या सगळ्यांच्या पुढे जाते. ती ग्रीन्सबरोची, नेओमीची रँडॉल्फ काउंटी तिथून लागूनच. ‘ॲट द पर्चेसर्स ऑप्शन’ (२०१७) हे गाणं तिला एका जुन्या जाहिरातीवरून सुचलं: गुलाम तरुणी विकणे आहे, नऊ महिन्यांचं मूल सोबत घ्यायचं की नाही ते गिऱ्हाइकाने ठरवावं. गिडन्स बँजो वाजवते, आणि बँजो हे आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांनी घडवलेलं वाद्य. अमेरिकन दक्षिणेतलं सर्वांत भयंकर भूत या गुलामगिरीचं आहे, आणि कवट्या-कावळ्यांच्या याद्यांत त्याला जागा नसते. का नसते? त्याने ‘मूड’ बिघडतो म्हणून. रात्री गाडी चालवताना लावायला चारशे गाणी गोळा करणाऱ्यांना अंधार हवा असतो, पण त्यात कोणाला विकलं, कोणाला बुडवलं, हे नको असतं.

डॉली पार्टनचं १९६८ चं ‘द ब्रिज’ आहे. पोटुशी, टाकून दिलेली मुलगी पुलाच्या कठड्याकडे एकेक पाऊल सरकते, आणि गाणं मध्येच तुटतं. शेवटचा सूर लागत नाही, मागे नुसती शांतता उरते. प्लेलिस्टमध्ये दोन गाण्यांचे सांधे बुजवायची सोय असते. ती चालू असली की त्या शांततेवर लगेच पुढच्या गाण्याचा पायाचा ठेका चढतो, आणि पाठोपाठ विहिरीतला तो आवाज.