सहीच्या जागी फुली : ‘अ मर्डर ऑन मलबार हिल’ या कादंबरीतील रजामंदीचा प्रश्न

गुप्तहेर-कथेकडे आपल्याकडील अध्यापकवर्ग सहसा करमणुकीचे वाङ्मय म्हणून पाहतो. खून, संशयित, पुरावा आणि अखेरीस उलगडा ही तिची ठरीव चौकट असते आणि पुस्तक मिटल्यावर मनात फारसे काही उरत नाही. परंतु काही कादंबऱ्यांत खुनाचा तपास हे केवळ निमित्त असते आणि खरा तपास समाजातील एखाद्या व्यवहाराचा असतो. सुजाता मॅसी यांची ‘अ मर्डर ऑन मलबार हिल’ ही २०१८ साली प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी या प्रकारात मोडते. अमेरिकेत ती ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ या नावाने निघाली. मुस्लिम कुटुंब, मेहेर, वक्फ आणि पर्दा हे तिचे विषय असल्यामुळे आपल्या वाचकांनी तिची चिकित्सक दखल घेणे अगत्याचे आहे.

कथानक १९२१ सालच्या मुंबईत घडते. परवीन मिस्त्री ही ऑक्सफर्डला कायदा शिकून आलेली पारशी तरुणी वडील जमशेदजी यांच्या वकिली पेढीत काम करते. पेढीचे एक अशील, कापड गिरणीचे मालक ओमर फरीद, यांचे निधन झाले आहे. त्यांच्या मागे रझिया, सकिना आणि मुमताज या तीन विधवा आणि मुले आहेत. मलबार हिलवरील बंगल्यात त्या पर्द्यात राहतात. घराचा कारभार फैसल मुकरी नावाच्या मुखत्याराकडे आहे. तिघीही आपला सर्व हक्क कुटुंबाच्या वक्फला देत आहेत, अशा अर्थाचे कागद पेढीकडे येतात. परवीनला शंका येते ती दोन कारणांनी. सर्वस्व देऊन टाकल्यावर या बायका जगणार कशावर? आणि एकीने सहीच्या जागी नुसती फुली मारली आहे, तेव्हा कागदात काय लिहिले आहे हे तिला ठाऊक तरी होते काय? ती बंगल्यावर जाते, तिघींशी बोलते. आणि त्यानंतर लवकरच मुकरीचा खून होतो. पोलिसांना जनानखान्यात प्रवेश नाही. तो परवीनला आहे, आणि म्हणून खुनाचा शोध तिच्याकडे येतो. गुन्हेगार कोण, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही.

या मांडणीत एक गोष्ट लक्षणीय आहे. सर्वसाधारण गुप्तहेर-कथेत प्रेत आधी सापडते आणि कागदपत्रे नंतर. येथे कागद आधी येतो, मृत्यू नंतर. त्यामुळे ‘खून कोणी केला’ या प्रश्नापेक्षा ‘रजामंदी कोणाची होती’ हा प्रश्न कादंबरीच्या केंद्रस्थानी राहतो. लेखिकेचे खरे सामर्थ्य या क्रमात आहे.

हा प्रश्न समजून घेण्यासाठी कायद्याची थोडी पार्श्वभूमी हवी. मेहेर हा पतीने पत्नीवर केलेला उपकार नव्हे. तो तिचा हक्क आहे. पती वारला आणि मेहेर फेडायचा राहिला असेल, तर तो त्याच्या मिळकतीवरील कर्ज ठरतो आणि वारसांची वाटणी होण्यापूर्वी फेडावा लागतो. वारसाहक्क याहून वेगळा. मयताला मुले असल्यास विधवेचा वाटा एक अष्टमांश असतो आणि विधवा तीन असतील तर तोच अष्टमांश तिघींत समान विभागला जातो, म्हणजे प्रत्येकीस चोविसावा हिस्सा. एवढ्याशा वाट्यावर आयुष्य काढायचे असेल तर मेहेरचे मोल किती, हे सहज ध्यानात येईल. स्त्री आपला मेहेर स्वखुशीने सोडू शकते, ही मुभा शरीअतने दिलेली आहे. परंतु ‘स्वखुशीने’ हा शब्द त्या मुभेचा प्राण आहे.

इंग्रजी अमलातील न्यायालयांनीही याच शब्दावर बोट ठेवले होते. १८६७ साली प्रिव्ही कौन्सिलने मुन्शी बझलूर रहीम विरुद्ध शम्सुन्निसा बेगम या खटल्यात पर्दानशीन पत्नीच्या सरकारी रोख्यांबाबत निर्णय दिला. पर्द्यातील स्त्रीकडून ज्याला लाभ झाला, त्यानेच व्यवहार सचोटीचा होता आणि तो तिला पुरता समजला होता हे सिद्ध करावे, असे तत्त्व यातून पुढे रूढ झाले. म्हणजे कागदावर सही आहे एवढे पुरेसे नाही. सही करणाऱ्या हातामागे समज होती काय, हे पाहिले पाहिजे. परवीनचा तपास हे तत्त्व प्रत्यक्ष जगून दाखवतो. ती तिघींना एकत्र बसवून माना डोलवून घेत नाही. प्रत्येकीला वेगळी भेटते, कागद समजावते आणि मग तिचे म्हणणे ऐकते. तेव्हा ‘फरीदच्या विधवा’ हा एक गठ्ठा सुटतो आणि तीन निरनिराळ्या बायका दिसू लागतात. तिघींचे वय वेगळे, पूर्वायुष्य वेगळे आणि परस्परांविषयीचे संशयही वेगळे. पर्द्यातील स्त्री म्हणजे मुकी, असहाय स्त्री, हा साचा लेखिका येथे मोडते.

आणखी एक मुद्दा आपल्यासारख्या शिक्षणसंस्थांशी निगडित वाचकांना विशेष बोचणारा आहे. वक्फचा पैसा मुलांच्या मदरशाकडे वळवावा, असा मुकरीचा मानस असतो. म्हणजे विधवांचा हक्क ज्या कामासाठी घेतला जात आहे, ते काम वरवर पाहता नेक आहे. जुगारासाठी किंवा ऐषआरामासाठी कोणी विधवेची मालमत्ता हडपली तर सारेच त्याला लबाड म्हणतील. पण शाळेसाठी घेतली तर किती जण प्रश्न विचारतील? कादंबरीतील हा सर्वांत कठीण प्रश्न आहे. दानाचा हेतू कितीही चांगला असो, देणाऱ्याची रजामंदी नसेल तर ते दान नव्हे, ती वसुली होय. वक्फ आणि देणगी यांवर ज्या संस्था उभ्या आहेत, त्यांनी हा प्रश्न स्वतःला वारंवार विचारला पाहिजे.

लेखिकेने मुस्लिम घराला अंधाराचे आणि पारशी घराला उजेडाचे प्रतीक बनवलेले नाही, हाही गुणच. परवीनच्या पूर्वायुष्याची कथा समांतर चालते. कलकत्त्यातील सासरी मासिक पाळीच्या दिवसांत तिला एका कोंदट खोलीत कोंडले जाते. आणि त्या दुःखद विवाहातून सुटू पाहताना १८६५ चा पारशी विवाहविषयक कायदा तिला घटस्फोट देऊ शकत नाही. दुसऱ्यांच्या पर्द्याकडे पाहणारी ही स्त्री स्वतः भिंतीआड राहून आलेली आहे. त्यामुळे तिच्या सहानुभूतीत उपकाराचा सूर येत नाही.

तथापि कादंबरीत काही उणिवाही आहेत. पहिली इतिहासाची. स्त्रियांवरील वकिलीची बंदी कायद्याने उठली ती १९२३ साली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने कॉर्नेलिया सोराबजी यांना सनद दिली ती १९२१ मध्ये. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या आणि १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये पर्दानशीन स्त्रियांसाठी काम केलेल्या सोराबजी या परवीनच्या व्यक्तिरेखेमागील एक प्रेरणा आहेत. दुसरी प्रेरणा मिठन टाटा-लाम यांची. परवीनला कोर्टात उभे राहता येत नाही, हे लेखिका दाखवते. परंतु १९२१ च्या प्रारंभी मुंबईत स्त्री सॉलिसिटर असणे ही लेखिकेने घेतलेली सूट आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

दुसरी उणीव नीतीची. मिस्त्री पेढी ही मयताच्या मिळकतीची वकील आहे, तर विधवा या त्या मिळकतीच्या धनको आहेत. शिवाय तिघींचे हितसंबंध एकमेकींशी जुळणारे नाहीत. एकच वकील या सर्वांचा सल्लागार कसा होऊ शकतो? या पेचाला कादंबरीत हवे तेवढे वजन मिळालेले नाही. नायिकेच्या सद्‌हेतूवर सारे सोडून दिलेले आहे. आणि सद्‌हेतूवर विसंबणे किती धोक्याचे, हे तर याच कादंबरीने शिकवलेले.

तिसरी उणीव अधिक मूलभूत आहे. येथे सत्य बाहेर काढणारी स्त्री बाहेरून येते. उर्दू वाचकाला या ठिकाणी डेप्युटी नझीर अहमद यांच्या ‘मिरातुल उरूस’ (१८६९) मधील असगरीची आठवण व्हावी. दिल्लीच्या मुस्लिम घरातील ही सून लिहिणे-वाचणे आणि हिशेब जाणते. मामा अजमत ही जुनी मोलकरीण घराला वर्षानुवर्षे कशी लुबाडत आहे, हे ती देणी-घेणी पडताळून उघडकीस आणते. तेथे खून नाही आणि गुप्तहेरही नाही; पण कागद वाचता येणारी स्त्री घरातीलच आहे. नझीर अहमद यांचा उपदेशकी सूर आज जड वाटतो. तरीही परवीन जे तिघींसाठी करते, ते असगरी स्वतःच्या घरासाठी स्वतः करते. मॅसी यांच्या विधवा बोलू लागतात, परंतु कागद वाचून अर्थ लावण्याचे काम अखेरपर्यंत वकिलाकडेच राहते.

पदवी वर्गात ही कादंबरी आणि ‘मिरातुल उरूस’ शेजारी ठेवून शिकवण्यासारख्या आहेत. सोबत विद्यार्थिनींना मेहेरची नोंद असलेला निकाहनामा, बक्षीसपत्र आणि मुखत्यारपत्र यांचे नमुने वाचायला द्यावेत. आपण काय सोडत आहोत, कोणासाठी सोडत आहोत आणि नकार दिल्यास काय होईल, हे तीन प्रश्न सहीपूर्वी विचारण्याची सवय वर्गातच लागू शकते. परवीनने ते फरीदच्या विधवांच्या वतीने विचारले. आपल्या विद्यार्थिनींना ते स्वतःच विचारता आले पाहिजेत.